शिळं पाणी

मांडवखेडचं पाणी मी छत्तीस वर्षं चाखलंय. डोळे बांधा, घोटभर पाणी जिभेवर ठेवा, ते कुठल्या गल्लीचं ते मी सांगायचो. बाजारपेठेचं पाणी टाकीच्या पायथ्याचं, त्यात क्लोरीनचा झणका. देवळामागच्या आळीत जुना बिडाचा पाइप, तिथल्या पाण्याला गंजाची तुरट चव. आणि कुंभार गल्ली म्हणजे लाइनीचं शेवटचं टोक; तिथं पोचेपर्यंत क्लोरीन नुसतं नावाला उरतं. लोक म्हणायचे, दिगंबर ढवळेची जीभ सरकारजमा करायला पाहिजे. मला ते आवडायचं. आता सांगताना लाज वाटते, पण आवडायचं.

मी नगरपरिषदेचा वॉलमन. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकणाखाली वॉल असतो, तो खांद्यावरच्या लांब चावीनं फिरवायचा, की गल्लीला पाणी. आमच्याकडे प्रत्येक गल्लीला तिसऱ्या दिवशी तासभर पाणी येतं. त्या तासासाठी लोक लग्नाचे मुहूर्त पुढंमागं करतात. त्यामुळे वॉलमनला जो मान आहे तो नगराध्यक्षालाही नाही. घरोघरी चहा. 'ढवळेकाका, आज दहा मिनिटं जास्त सोडा हो.' मी सोडायचो. कुणाला नाही म्हणायचा माझा स्वभावच नाही, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

दोन वर्षांपूर्वी फरहाना शेख नावाच्या इंजिनिअर मॅडम आमच्याकडे बदलून आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ 'जीभ' आली. तिचं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते मला कधी नीट म्हणता आलं नाही. जीभ हे गावानं ठेवलेलं नाव. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, पाइपाच्या आत बसवायची. अशा चाळीस चकत्या गावभर बसल्या.

मॅडमनी आम्हा वॉलमनना टाकीखालच्या सावलीत बसवून समजावलं. चकतीवर प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रथिनांचा पातळ थर असतो. त्या प्रथिनाला ठरावीक एकच गोष्ट चिकटते, कुलपाला त्याचीच किल्ली लागावी तशी. चिकटली की चकतीतून जाणारी वीज कणभर बदलते. तेवढ्यावरून गल्लीचा वॉल आपोआप बंद होतो आणि खांबावरचा हिरवा दिवा लाल होतो.

"पण पाण्यात रोगजंतू शोधणं अवघड," मॅडम म्हणाल्या. "हजारो लिटरमध्ये मूठभर. शिवाय रोग शंभर प्रकारचे, कशाकशाला कुलूप करणार? म्हणून ही जीभ रोग शोधतच नाही. मिरची शोधते."

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली.

"मिरचीच्या झाडाला एक विषाणू होतो. माणसाला त्याचा काही त्रास नाही. आपण मिरची खातो, तो पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, अब्जांच्या हिशेबात. जिथं लोक मिरची खातात तिथं गटाराच्या थेंबाथेंबात तो सापडतो. मग नळाच्या पाण्यात तो दिसला तर अर्थ काय? गटार नळात शिरलं. सोबत आणखी काय आलं ते विचारत बसायचं नाही. आधी वॉल बंद."

"मॅडम, आमच्या गावात लेकरं ठेच्याशिवाय भाकरीला हात लावत नाहीत," मी म्हणालो. "तुमच्या जिभेला फोड येतील."

सगळे खो-खो हसले. मॅडमही हसल्या. बाई कडक होत्या, पण हसायच्या.

आणि झालंही तसंच. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे वर्षाचं तिखट करायचे दिवस. गच्च्यांवर, ओट्यांवर मिरच्या वाळत असतात, गाव नुसतं शिंकत असतं. कुंभार गल्लीच्या तोंडाशी मिरची कांडपाचं दुकान आहे, वॉलपासून दहा पावलांवर. पहिल्याच उन्हाळ्यात जिभेनं दोनदा गल्लीचं पाणी तोडलं. दोन्ही वेळा तपासात निघालं, की कांडपवाल्यानं मशीन धुतलेलं पाणी वॉलच्या खड्ड्यात सोडलं होतं आणि ते सैल पॅकिंगमधून थेंब थेंब आत झिरपलं होतं. मॅडमनी मोकळेपणानं कबूल केलं, मिरची माणसाच्या पोटातून आली की कांडपातून, हे जिभेला कळत नाही. गल्ली दोन पाळ्या कोरडी राहिली. शिव्या कुणाला? मला. मशीनला कोण शिव्या देणार?

तेव्हापासून मी चहाच्या टपरीवर सांगत सुटलो, "सरकारनं लाखो रुपये घालून जीभ आणली, तिला ठेचा आणि गटार यातला फरक कळेना. आमची फुकटची होती ती बरी होती."

कुंभार गल्लीत सतरा नंबरच्या घरात माझी धाकटी बहीण राहते, उज्ज्वला. दाजी शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. आम्ही दोघंच भावंडं. सहा वर्षांपूर्वी तिच्या मनगटाचं हाड मोडलं होतं आणि टोकाचं घर म्हणून नळाला धार करंगळीएवढी यायची. त्या भाऊबीजेला मी ओवाळणीच्या ताटात साडी नाही टाकली. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार नेली आणि माझ्या हातानं तिच्या नळाला जोडून दिली. बटण दाबलं आणि टाकी वीस मिनिटांत भरली. उज्ज्वला टाळ्या पिटत होती. "असा भाऊ सगळ्यांना मिळो," म्हणाली.

नळाला थेट मोटार लावणं बेकायदा आहे. अशा मोटारी जप्त करणं हे माझंच काम. पण गावात दोनशेच्या वर मोटारी, निम्म्या नगरसेवकांच्या घरी. मी एक जप्त केली असती तर माझ्याच बहिणीची आधी करावी लागली असती. म्हणून मी कुणाचीच केली नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मे महिन्याचा दुसरा गुरुवार. उज्ज्वलाची लेक पूर्वा सातव्या महिन्यात माहेरी आली होती, पहिलं बाळंतपण. त्या दिवशी तिचं डोहाळजेवण. दारात मांडव, साठ माणसांचा स्वयंपाक, आणि नेमकी गल्लीची पाण्याची पाळी. मी सहाला पाणी सोडून दुसऱ्या गल्लीला गेलो. सव्वासहाला उज्ज्वलाचा फोन.

"दादा, नळ गेला! दिवा लाल झालाय. आता मी काय करू रे?"

"साठवणीचं वापर तासभर, मी बघतो."

"कुठलं साठवणीचं? दोन हंडे होते, ते पहाटेच ओतून दिले. ताजं येणार म्हणून टाकीही धुऊन ठेवलीय. घरात गुळणी करायला थेंब नाही."

यात नवल काही नाही. आमच्याकडे नळ यायच्या दिवशी सगळ्या बाया हेच करतात. आधीच्या पाळीचं पाणी म्हणजे शिळं. शिळं पाणी देवाला चालत नाही, पाहुण्यांना चालत नाही. नळ यायच्या आधी हंडे पालथे करायचे, घासून लख्ख करायचे आणि पहिल्या धारेखाली धरायचे. माझी आईही तसंच करायची.

मी सायकल मारत कुंभार गल्लीत आलो. वॉलभोवती पंचवीस बायका कळश्या घेऊन उभ्या. झाकण उचललं. खड्ड्याच्या कडेला लालसर गाळ. कांडपाचं दुकान समोरच, पोत्यांवर पोती लागलेली. झालं, म्हटलं, यंदाही तोच घोळ. मी मॅडमना फोन लावला.

"काका, सील तोडू नका," त्या म्हणाल्या. वॉलला हातानं उघडायची सोय होती, आग लागली तर असू दे म्हणून. तिच्यावर शिशाचं सील होतं. "मी नमुना घेऊन येते. दोन तास द्या."

"मॅडम, इथं साठ माणसांचा स्वयंपाक व्हायचाय."

"नऊपर्यंत टँकर पाठवते. मोफत."

"आणि कांडपाचं निघालं तर?"

"निघू दे. एक सकाळ गेली, एवढंच ना?"

मी फोन ठेवला. उज्ज्वला मांडवातून धावत आली होती, हाताला कोरडं पीठ तसंच. "टँकर?" ती म्हणाली. "कुठल्या विहिरीचं असतं ते कोण जाणे! सासरची माणसं येणार आहेत तिच्या. लेकीच्या डोहाळजेवणाला टँकरचं पाणी वाढू?"

मागून पूर्वा आली, एक हात कमरेवर. हिरवी साडी अजून नेसली नव्हती, गाऊनवरच होती. पोरगी लहानपणापासून माझ्या सायकलच्या दांडीवर बसून गावभर पाणी सोडायला यायची.

"काय मामा, हरलास? सरकारी जीभ जिंकली वाटतं?"

"हरतोय कशाला? थांब."

मी वॉलजवळच्या तोटीतून ओंजळभर पाणी घेतलं. स्वच्छ. वास घेतला, चाखलं. क्लोरीन होतं, चांगलं होतं, टोकाच्या गल्लीच्या मानानं तर फक्कड होतं. मी चावी घातली, सील तोडलं आणि वॉल उघडला. गल्लीनं जल्लोष केला. घराघरांत मोटारी घुरघुरायला लागल्या.

उज्ज्वलाच्या नळाखाली पेला धरून पहिलं पाणी मीच भरलं आणि पूर्वाच्या हातात दिलं. "पी. मामाच्या जिभेची गॅरंटी."

ती सगळा पेला प्यायली. "गोड आहे," म्हणाली.

डोहाळजेवण छान झालं. मॅडम आल्या, त्यांनी नमुने घेतले, तुटलेल्या सीलकडे बघितलं, माझ्याशी बोलल्या नाहीत. मांडवातून त्यांना कुणी जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "आज नको." संध्याकाळी निरोप आला, की गल्लीतल्या नमुन्यात घाण आहे, सगळ्यांनी पाणी उकळून प्या. तोवर साठ माणसं जेवून, पाणी पिऊन आपापल्या गावी गेली होती.

पुढच्या आठवड्यात कुणाचं साधं पोट बिघडलं नाही. पंधरा दिवस गेले, काही नाही. महिना गेला, काही नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली तेव्हा मी ती टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवली. "बघा रे, गल्लीला गटार पाजलं म्हणे मी! एकाला तरी ढाळ लागले का?" लोक हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही माझ्या तोंडाची चव जाते.

अडतिसाव्या दिवशी उज्ज्वलाचा फोन आला. "दादा, पूर्वाचे डोळे पिवळे दिसतायत. उजेडामुळे असेल का रे?"

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर घेऊन सांगितलं. कावीळ, पण 'ई' जातीची. मैला मिसळलेल्या पाण्यातून येते. पोटात गेल्यावर लगेच काही करत नाही. दोन आठवडे ते दोन महिने यकृतात दबा धरून बसते. धडधाकट माणूस पंधरा दिवस अंथरूण धरतो आणि उठतो. "पण दिवस भरत आलेल्या बाईला ती फार वाईट," त्या म्हणाल्या. "का, ते अजून पूर्ण कळलेलं नाही. चारपाचातली एक हाताला लागत नाही." मग त्यांनी विचारलं, "सव्वा महिन्यामागं ही बाहेरचं पाणी कुठं प्यायली होती का?"

मी म्हणालो, "बाहेरचं नाही."

त्या आठवड्यात कुंभार गल्लीतली अकरा माणसं पिवळी पडली. अकराच्या अकरा बरी झाली. पूर्वा पाचव्या दिवशी बेशुद्ध झाली. बाळ पोट फाडून काढलं, मुलगी, पावणेदोन किलो. ती जगली. पूर्वा शुद्धीवर आलीच नाही. पहाटे चारला गेली. मी आणि दाजी बाकावर बसलो होतो, उज्ज्वला आत होती, आणि ती बाहेर येऊन काही बोलायच्या आधीच आम्हाला कळलं. चोवीस वर्षांची पोर. माझ्या सायकलच्या दांडीवर बसणारी.

मी निलंबित झालो, ते वाजवीच होतं. पण उज्ज्वला मला एका शब्दानं बोलली नाही. दिवसकार्याला तिनं स्वतः माझं पान वाढलं. भेटायला येणाऱ्या बायकांना सांगायची, "नगरपरिषदेचं पाणीच घाण. त्या मशीनपायी सगळा घोळ. दादानं आमच्यासाठी नोकरी घालवली." मी खाली मान घालून ऐकायचो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जुलैतल्या एका शुक्रवारी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर एक कागद होता.

"काका, चौकशी समितीनं घाण नक्की कुठून शिरली याचा हिशेब मागितलाय. आजवर कुणी मागितला नव्हता, म्हणून केला नव्हता."

त्यांनी समजावलं. जीभ चव घेते तसा दाबही मोजते. पाइपात पाण्याचा दाब आतून बाहेर असतो, तोवर पाइप फुटका असला तरी पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. पण कुणी मोटार लावून ओढलं, की दाब उलटा होतो. पाइप स्ट्रॉसारखा ओढायला लागतो, आणि जिथं चीर असेल तिथून बाहेरचं आत घेतो. मोटार सुरू झाल्याचा हिसका पाण्यातून पळत जातो, जवळच्या चकतीला आधी लागतो, लांबच्या चकतीला मागाहून. त्या सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या फरकावरून हिसका कुठून निघाला ते मोजता येतं. घरापर्यंत.

"सहा वाजून नऊ मिनिटं," मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "गटार दोन दिवस तुंबलेलं होतं. नळाचा पाइप गटारातून आडवा गेलाय, तिथं सांधा सुटलाय. मोटारीनं गटार ओढलं, आणि मोटार थांबली तेव्हा त्यातलं थोडं उलटं गल्लीच्या लाइनीत आलं. ते जिभेनं पकडलं. तुम्ही चाखलंत ते वॉलजवळचं, वरच्या अंगाचं पाणी. ते चांगलंच होतं, काका. घाण तुमच्या पुढं शिरत होती."

बोट सरकलं. घर नंबर सतरा.

तो सांधा माझ्या हातचा होता. भाऊबीजेच्या दिवशी मारलेला. जेवायला उशीर होतोय म्हणून पाइप गटारावरून उचलून न नेता सरळ गटारातून नेला होता मी, आणि वर टेपचे चार वेढे जास्त मारले होते.

"मॅडम, सगळं माझ्या नावावर लिहा," मी म्हणालो. "वॉल मी उघडला, सील मी तोडलं. फक्त तो घर नंबर काढा. मी आयुष्यात कुणाचे पाय धरले नाहीत, तुमचे धरतो. तिनं स्वतःच्या हातानं बटण दाबलं, हे तिला कळलं तर ती जगायची नाही."

मॅडम म्हणाल्या, "नंबर काढला तर कागदावर उरतं काय? एका वॉलमननं वॉल उघडला. बस. दोनशे मोटारी तशाच चालू राहतील. आणि काका, एक विचारू? ती मोटार काढलीय?"

काढली नव्हती.

"बाळाला वरचं दूध आहे ना?"

आई नसलेलं लेकरू. पावडरीचं दूध, दिवसातून आठ वेळा, त्याच नळाच्या पाण्यात. उज्ज्वला उकळत असेल. पण प्रत्येक वेळी? बाटली धुतानाही? पावसाळा लागलेला, गटार भरून वाहत होतं, सांधा तसाच सुटलेला. मी बहिणीला वाचवायला निघालो होतो आणि नातीला तेच पाणी पाजत होतो.

"सोमवारी अहवाल जाणार," मॅडम म्हणाल्या. "त्याआधी तुमच्या तोंडून कळलेलं बरं." मी उठलो तेव्हा त्यांनी सतरा नंबरच्या सगळ्या पाळ्यांच्या नोंदींचा कागद माझ्या हातात दिला.

शनिवारी गल्लीची पाळी होती. मी साडेपाचला गेलो. दाजी झोपले होते. बाळ झोळीत होतं. उज्ज्वला मोरीत उभी राहून हंडा तिरका करत होती.

"ओतू नकोस," मी म्हणालो.

"अरे शिळं आहे. आता येईल की ताजं." तिनं माझ्याकडे बघितलं आणि हंडा सरळ केला. "काय झालं, दादा?"

मी तिला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. घोळवून सांगायला गेलो तर जमेना, म्हणून सरळ सांगितलं. मोटार मी दिली. पाइप मी गटारातून नेला. वॉल मी उघडला. तिन्ही मीच. तू नुसतं बटण दाबलंस, आणि तेही मी दिलेलं.

ती रडली नाही. झोळीला झोका देत राहिली. मग म्हणाली, "पहिली बादली काळी आली होती."

"कधी?"

"त्या दिवशी. सहाला. काळी, आणि वास. मी ओतून दिली. म्हटलं, लाइन धुतली जात असेल, पुढचं चांगलं येईल. मग नळ गेला. तू आलास तेव्हा सांगणार होते. पण सांगितलं असतं तर तू वॉल उघडला नसतास."

"तरी उघडला असता," मी म्हणालो. ते खरं की खोटं, मला अजून माहीत नाही.

"मी तुला सांगितलं नाही, दादा. आणि महिनाभर गावाला मशीनचं सांगत सुटलेय."

मग ती एकदम थांबली. हंड्याकडे बघायला लागली. मला कळलं, आता ती काय विचारणार. सगळ्या वाटेनं मला त्याचीच भीती होती.

"दादा, त्या दिवशीचे ते दोन हंडे. मी पहाटे ओतले ते. ते आधीच्या पाळीचं पाणी होतं. ते... चांगलं होतं का?"

खिशात कागद होता. आधीच्या पाळीची नोंद मी दहा वेळा वाचली होती. तेव्हा गटार तुंबलेलं नव्हतं. ते पाणी स्वच्छ होतं. दोन हंडे, म्हणजे तीस लिटर. पूर्वाला आणि तिच्या बरोबरीच्या सगळ्या पोरींना पुरून उरलं असतं.

माझा हात खिशातल्या कागदाकडे गेला. तिला तेवढंच पुरलं.

"लेकीला शिळं कसं देऊ, म्हणून ओतलं रे," ती म्हणाली, आणि मग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडलो. पूर्वा गेली तेव्हासुद्धा आम्ही दोघं असे एकत्र रडलो नव्हतो.

सहा वाजले. नळ आला. शेजारीपाजारी मोटारी सुरू झाल्या. उज्ज्वला उठली, डोळे पुसले, भिंतीजवळ जाऊन मोटारीची पिन ओढून काढली आणि वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. "घेऊन जा ही. मॅडमना सांग, नंबर राहू दे. नाव पण लिहा माझं, मोठ्या अक्षरात. आणि तो पाइप कापून टाक आजच." करंगळीएवढी धार मोरीत पडत होती. तिनं खाली काही ठेवलं नाही. नळ बंद केला.

बाळ उठून रडायला लागलं. उज्ज्वलानं हंड्यातलं पाणी पातेल्यात घेतलं, खळखळून उकळवलं, निववलं. बाटलीत पावडर घालायच्या आधी तिनं सवयीनं चमचाभर पाणी माझ्यापुढं धरलं.

"चाखून बघ ना, दादा."

गल्लीतल्या प्रत्येक घरात माझ्यापुढं असा चमचा, पेला, ओंजळ धरलेली आहे. मी कधी कुणाला परत पाठवलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

मी खिशातला कागद काढला, चष्मा लावला आणि मागच्या पाळीची ओळ शोधली. दोनदा वाचली. स्वच्छ. मग तिला सांगितलं, "दे तिला. शिळंच दे."